मॉरिशस : लाव्हा, ऊस आणि प्रवाळ यांनी घडवलेले बेट

हिंद महासागराच्या नैर्ऋत्य भागात, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरवर मॉरिशस हे बेट आहे. पांढरी वाळू, निळेशार उथळ पाणी आणि मागे उभे असलेले काळेकभिन्न डोंगर हे त्याचे चित्र भारतीय पर्यटकाच्या मनात पक्के झाले आहे. मधुचंद्राचे ठिकाण म्हणून त्याची ख्याती आहेच. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण तिप्पट. रॉड्रिग्ज, अगालेगा आणि सेंट ब्रॅंडन ही दूरची बेटे धरून प्रजासत्ताकाचा भूभाग सुमारे २,०४० चौरस किलोमीटर होतो आणि लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख आहे.

या बेटाला मूळ निवासी नव्हते. येथे आज राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा पूर्वज समुद्रमार्गे आला. काही स्वेच्छेने आले, काहींना साखळदंडांत आणले गेले, तर अनेक जण कराराच्या कागदावर अंगठा उमटवून आले. दूरवर पसरलेला ऊस, रानात चरणारी हरणे, झाडावर किलबिलणारी साळुंकी आणि बुलबुल हेही बाहेरूनच आले. जे खरोखर या भूमीचे होते, त्यातील बरेचसे नाहीसे झाले आणि उरलेले वाचवण्यासाठी गेली पन्नास वर्षे चिकाटीने काम सुरू आहे. मॉरिशसचा इतिहास आणि तेथील निसर्ग हे दोन विषय त्यामुळे वेगळे काढता येत नाहीत.

सह्याद्रीशी दूरचे नाते

सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी समुद्रतळावरील ज्वालामुखीच्या उद्रेकांतून मॉरिशसची निर्मिती झाली. ते कधीही कोणत्याही खंडाला जोडलेले नव्हते. भूवैज्ञानिकांच्या सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या मांडणीनुसार, पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्थानामुळे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हा पठार तयार झाले, त्याच स्थानाने पुढे मॉरिशस घडवले. भारताला वाहून नेणारा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि त्या तप्त स्थानाच्या खुणा मागे राहिल्या. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांना पेलणारी समुद्राखालील पर्वतरांग, नंतर मॉरिशस, अशी ती माळ आहे. आज हेच स्थान शेजारच्या रियुनियन बेटावरील जागृत ज्वालामुखीला ऊर्जा पुरवते. मॉरिशसच्या डोंगरांतील काळा बेसॉल्ट पाहून मराठी प्रवाशाला सह्याद्रीच्या कड्यांची आठवण झाली, तर त्यामागे केवळ भावना नाही, भूविज्ञानही आहे.

बेटाच्या मध्यभागी पठार असून त्याभोवती मोका, ब्लॅक रिव्हर आणि ग्रॅंड पोर्ट या डोंगररांगा आहेत. सर्वोच्च शिखर ८२८ मीटर उंच आहे. पीटर बॉथ या शिखराची उंची ८२० मीटर असून त्याच्या टोकावर मानवी मस्तकासारखा दिसणारा प्रचंड दगड तोलून धरलेला आहे. क्युरपिप शहरातील त्रू-ओ-सेर्फ हे ज्वालामुखीचे जुने मुख आता झाडीने भरले आहे. त्याच्या काठावरून निम्मे बेट नजरेत येते.

पहिले जहाज, पहिला ऱ्हास

मध्ययुगात अरब दर्यावर्दींना हे बेट ठाऊक होते. १५०२ च्या सुमाराच्या युरोपीय नकाशावर त्याचे अरबी नाव आढळते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजे येथे थांबून गेली, पण कोणी वस्ती केली नाही. १५९८ मध्ये डच आरमार आग्नेय किनाऱ्यावर उतरले आणि राजपुत्र मॉरिस याच्या नावावरून बेटाला मॉरिशस म्हटले जाऊ लागले. १६३८ मध्ये डचांनी वसाहत स्थापली. जावा बेटावरून ऊस आणि हरणे आणली. आबनुसाची मौल्यवान झाडे तोडून लाकूड युरोपला पाठवले. चक्रीवादळे, उंदरांचा सुळसुळाट आणि अन्नाचा तुटवडा यांना कंटाळून १७१० मध्ये त्यांनी बेट कायमचे सोडले.

याच काळात डोडो संपला. सुमारे एक मीटर उंचीचा, उडता न येणारा हा पक्षी कबुतरांच्या कुळातील होता. त्याचा सर्वांत जवळचा हयात नातलग म्हणजे आपल्या अंदमान-निकोबार बेटांवरही आढळणारे निकोबारी कबुतर, असे जनुकीय अभ्यासातून दिसून आले आहे. भूमीवर शिकारी प्राणीच नसल्याने डोडोला भीती ठाऊक नव्हती आणि तो घरटे जमिनीवर करी. खलाशांनी त्याची शिकार केली हे खरे. परंतु जहाजांतून उतरलेले उंदीर, डुकरे आणि माकडे यांनी अंडी फस्त केल्यामुळे त्याचा वंश खुंटला, असे अभ्यासक मानतात. त्याचे शेवटचे विश्वसनीय दर्शन १६६२ मधील समजले जाते. म्हणजे माणूस आणि डोडो यांचा सहवास शंभर वर्षेही टिकला नाही. पुढे दोनशे वर्षांनी, १८६५ मध्ये, मार-ओ-सॉंज या दलदलीत त्याची हाडे मोठ्या संख्येने सापडली, तेव्हा तो दंतकथेतील नव्हे, खराखुरा पक्षी होता याबद्दल शंका उरली नाही.

देशाच्या राजचिन्हावर आज एका बाजूला डोडो, दुसऱ्या बाजूला हरीण आणि दोघांच्याही हाती उसाचे कांडे आहे. नामशेष झालेला मूळ रहिवासी, बाहेरून आणलेला प्राणी आणि बाहेरून आणलेले पीक यांचे हे चित्र बेटाचा इतिहास थोडक्यात सांगते.

फ्रेंच सत्ता आणि गुलामगिरी

१७१५ मध्ये फ्रान्सने बेटाचा ताबा घेऊन त्याला ‘ईल द फ्रान्स’ असे नाव दिले. १७३५ मध्ये आलेले राज्यपाल माहे द ला बूर्दोने यांनी पोर्ट लुईस हे बंदर उभारले. रस्ते, गोद्या, रुग्णालय आणि साखरेचे कारखाने त्यांच्या कारकिर्दीत झाले. पुदुच्चेरीहून गवंडी आणि इतर कारागीर आणले गेले. मात्र या उभारणीचा मुख्य भार मादागास्कर आणि मोझांबिकमधून पकडून आणलेल्या गुलामांनी वाहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावरील बहुसंख्य लोक गुलाम होते.

वनस्पतिशास्त्रातही फ्रेंचांनी मोलाची भर घातली. मसाल्यांच्या व्यापारातील डचांची मक्तेदारी मोडण्यासाठी प्येर प्वाव्र यांनी लवंग आणि जायफळाची रोपे मिळवून पांप्लमूस येथील बागेत वाढवली. आज ही बाग सर शिवसागर रामगुलाम यांच्या नावाने ओळखली जाते. परातीसारख्या प्रचंड पानांची ॲमेझॉनची कमळे आणि आयुष्यात एकदाच फुलून मरून जाणारा तालिपोट ताड ही तिची वैशिष्ट्ये आहेत.

मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी नैर्ऋत्य टोकावरील ल मॉर्न या डोंगराचा आश्रय घेतला. समुद्रातून ५५६ मीटर उभ्या उठलेल्या या सुळक्यावरील गुहांत आणि माथ्यावर त्यांनी लहान वस्त्या केल्या. गुलामगिरी संपल्याचे सांगण्यासाठी शिपाई वर चढू लागले, तेव्हा ते पकडण्यासाठीच आले आहेत असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. २००८ मध्ये ल मॉर्नचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. १ फेब्रुवारी हा गुलामगिरीच्या निर्मूलनाचा दिवस मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टीचा असतो.

ब्रिटिश आणि ‘महान प्रयोग’

हिंद महासागरातील ब्रिटिश व्यापारी जहाजांना मॉरिशसहून निघणाऱ्या फ्रेंच लढाऊ नौका सतत त्रास देत होत्या. ऑगस्ट १८१० मध्ये ग्रॅंड पोर्टच्या सागरी लढाईत फ्रेंचांनी ब्रिटिशांना पराभूत केले. पण हा विजय क्षणिक ठरला. डिसेंबरमध्ये भारतातून आलेल्या मोठ्या फौजेपुढे त्यांना शरण जावे लागले. शरणागतीच्या अटींनुसार रहिवाशांचा धर्म, कायदे आणि चालीरीती अबाधित राहिल्या. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी, वृत्तपत्रांची भाषा मुख्यतः फ्रेंच आणि घरातील बोली क्रिओल, हे आजचे त्रैभाषिक वास्तव त्या तहाचेच फलित आहे.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी येथे गुलामगिरी संपली. ऊसमळ्यांसाठी मजूर हवे होते. ब्रिटिश सरकारने गुलामांऐवजी कराराने बांधलेले ‘मुक्त’ मजूर वापरून पाहण्याचे ठरवले आणि त्याला ‘महान प्रयोग’ असे नाव दिले. कोलकात्याहून निघालेल्या ‘ॲटलास’ जहाजातून ३६ मजूर २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुईसला पोहोचले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत सुमारे साडेचार लाखांहून अधिक भारतीय कोलकाता, चेन्नई आणि मुंबई या बंदरांतून येथे आणले गेले. काही जणांना येथूनच पुढे अन्य वसाहतींकडे पाठवण्यात आले. मॉरिशसमध्ये यशस्वी ठरलेली ही पद्धत नंतर कॅरिबियन बेटे, दक्षिण आफ्रिका आणि फिजी येथे राबवली गेली.

पोर्ट लुईसच्या बंदरालगत १८४९ मध्ये बांधलेल्या आगमन केंद्राचे अवशेष आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून जतन केले आहेत. जहाजातून उतरलेला प्रत्येक जण १६ दगडी पायऱ्या चढून आत येई. तेथे त्याची नोंद होई, वैद्यकीय तपासणी होई आणि मळ्यावर रवानगी होण्यापूर्वी दोन रात्री मुक्काम घडे. २००६ मध्ये या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वास्तू आकाराने लहान आहे. भव्यतेच्या अपेक्षेने आलेल्या पर्यटकाला ती पाहण्यास अर्धा तासही पुरेल. तरीही देशातील बहुसंख्य कुटुंबांची वंशावळ या पायऱ्यांपाशी सुरू होते.

मळ्यांवरील जीवन कठोर होते. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. करार संपलेल्या मजुरांनाही परवान्याशिवाय फिरण्यास मनाई होती. १८७१ मध्ये ॲडॉल्फ द प्लेवित्झ या युरोपीय मळेवाल्याच्या पुढाकाराने ९,४०१ भारतीय मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज राज्यपालांना सादर झाला. त्यातून पुढे राजकीय चौकशी आयोग नेमला गेला आणि काही जाचक नियम सैल झाले. ऊसशेतीत आजही पिरॅमिडसारखे रचलेले काळ्या दगडांचे ढीग दिसतात. जमीन नांगरण्याजोगी करण्यासाठी गुलामांनी आणि मजुरांनी हातांनी वेचलेले हे दगड आहेत.

१९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून भारतात परतताना मोहनदास गांधी काही दिवस मॉरिशसमध्ये थांबले. शिक्षण आणि सार्वजनिक जीवनातील सहभाग यांवर त्यांनी भर दिला. त्यांच्या सांगण्यावरून बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर १९०७ मध्ये तेथे गेले आणि त्यांनी मजुरांची बाजू न्यायालयात व वृत्तपत्रातून मांडली. १२ मार्च १९६८ रोजी सर शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखाली देश स्वतंत्र झाला. ही तारीख दांडीयात्रेच्या प्रारंभदिनाशी जुळणारी आहे. १२ मार्च १९९२ रोजी मॉरिशस प्रजासत्ताक बनले. २०२५ च्या राष्ट्रीय दिन सोहळ्यास पंतप्रधान नरेंद्र मोदी प्रमुख पाहुणे होते.

मुंबई बंदरातून गेलेले मराठी

बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून गेलेल्या भोजपुरी भाषकांची संख्या सर्वाधिक असली, तरी मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत मराठी भाषकांचा मोठा वाटा होता. रत्नागिरी, सावंतवाडी आणि आसपासच्या कोकणपट्टीतून तसेच घाटमाथ्यावरूनही माणसे गेली. वाक्वा, कास्काव्हेल अशा मध्य आणि पश्चिम भागांतील गावांत त्यांनी वस्ती केली. आगमन केंद्रातील कारकुनांनी पूर्वजांची जी एकेरी नावे ऐकून लिहिली, तीच अनेक घराण्यांची आडनावे झाली. त्यामुळे मराठी कुळ नावावरून ओळखणे पुष्कळदा अवघड जाते.

भाषा घरातून मागे पडली. सण मात्र टिकले. गणेशोत्सवाची तेथील परंपरा १८९६ पासूनची मानली जाते. आज गणेश चतुर्थी हा मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. कोकणातील जाखडी नृत्य तेथे ‘झाकरी’ या नावाने गणपतीपुढे सादर होते. पायांची लय आणि गोलाकार रिंगण तेच राहिले. सरकारी प्राथमिक शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण मिळते आणि राष्ट्रीय वाहिनीवरून मराठी कार्यक्रम प्रसारित होतात. याच संस्थेच्या अभिलेखागारात मजुरांच्या आगमनाच्या नोंदवह्या आणि छायाचित्रे आहेत. आपले मूळ गाव शोधू इच्छिणाऱ्या मराठी मॉरिशियनांचा शोध येथूनच सुरू होतो. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत मॉरिशसमध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

पाहण्याजोगी निसर्गस्थळे

नैर्ऋत्य भागातील शामारेल येथील ‘सप्तरंगी माती’ सर्वाधिक प्रसिद्ध आहे. लाल, तपकिरी, जांभळा, पिवळा अशा छटांच्या उघड्या टेकड्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. बेसॉल्ट खडकाची झीज होऊन मातीतील लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे शिल्लक राहिली आणि त्यांच्या कमी-अधिक प्रमाणामुळे हे रंग निर्माण झाले. कोकणातील जांभ्या दगडाला लाली देणारी प्रक्रिया याच जातीची आहे. जवळच शामारेलचा उंच धबधबा बेसॉल्टच्या सरळ कड्यावरून कोसळतो.

१९९४ मध्ये घोषित झालेले ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान सुमारे ६,५७४ हेक्टरांवर पसरले आहे. मूळच्या अरण्याचा उरलेला मोठा तुकडा येथेच आहे. आबनूस, तांबालाकोक आणि अनेक प्रदेशनिष्ठ वनस्पती या उद्यानात आढळतात. तांबालाकोकच्या बिया डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नसत, असा तर्क १९७७ मध्ये मांडला गेला आणि तो जगभर गाजला. नंतरच्या अभ्यासकांनी तो फेटाळला आहे.

दक्षिण पठारावरील ग्रॅंड बासॅं हे ज्वालामुखीच्या मुखात साचलेले सरोवर आज ‘गंगा तलाव’ म्हणून ओळखले जाते. १८९८ मध्ये त्रिओले गावातील भाविक पहिल्यांदा येथे पायी आले. १९७२ मध्ये भारतातून आणलेले गंगाजल त्यात मिसळण्यात आले. महाशिवरात्रीला लाखो लोक कावडी घेऊन, रात्रंदिवस चालून येथे पोहोचतात. काठावरील ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती दुरूनच दिसते.

समुद्रकिनाऱ्यांमध्ये उत्तरेचा ग्रॅंड बे गजबजलेला, पूर्वेचा बेल मार सूर्योदयासाठी ख्यात, तर पश्चिमेचा फ्लिक-अं-फ्लाक सूर्यास्तासाठी पसंतीचा आहे. दक्षिणेला ग्री-ग्री येथे प्रवाळभिंत खंडित झाल्याने महासागराच्या लाटा थेट कड्यावर आदळतात. तेथे पोहणे धोक्याचे आहे. आग्नेयेचे ब्लू बे सागरी उद्यान सुमारे ३५३ हेक्टरांचे असून २००८ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तळाशी काच बसवलेल्या होडीतून येथील प्रवाळ पाहता येतो. ल मॉर्नजवळ आकाशातून दिसणारा ‘समुद्राखालचा धबधबा’ हा मात्र दृष्टिभ्रम आहे. उतारावरून खोल पाण्याकडे घसरणाऱ्या वाळू आणि गाळाच्या पट्ट्यांमुळे तो भास होतो.

मरणाच्या दारातून परतलेले पक्षी

मॉरिशसवरील मूळ अरण्यापैकी चांगल्या स्थितीत असलेला भाग दोन टक्क्यांहून कमी उरला आहे. त्यावर चिनी पेरूसारखी बाहेरची झाडे आक्रमण करतात. माकडे, उंदीर आणि मुंगसे पक्ष्यांची अंडी व पिले खातात. १९७४ मध्ये मॉरिशस केस्ट्रेल या लहानशा ससाण्याचे अवघे चार पक्षी निसर्गात उरल्याची नोंद झाली. जगातील सर्वांत दुर्मीळ पक्षी म्हणून त्याचे नाव घेतले जाऊ लागले. १९७९ पासून जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स यांनी त्याच्या रक्षणाची सूत्रे हाती घेतली. घरट्यातील पहिली अंडी उचलून कृत्रिम उबवणीसाठी न्यायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते, ही त्यांची युक्ती होती. उबवणीतील पिले वाढवून रानात सोडली गेली आणि संख्या काही शेंवर पोहोचली. २०२२ मध्ये हा ससाणा राष्ट्रीय पक्षी घोषित झाला.

याच पद्धतीने गुलाबी कबुतर आणि एको पोपट वाचले. १९९० च्या सुमारास निसर्गात दहाच्या आसपास उरलेली गुलाबी कबुतरे आज चारशेच्या वर गेली आहेत. आपल्याकडच्या पोपटाचा नातलग असलेला एको पोपट १९८० च्या दशकात डझनभरापर्यंत घटला होता. आज त्याची संख्या अनेकशे आहे. तथापि हे यश कायमचे समजता येत नाही. केस्ट्रेलची संख्या पुन्हा घटल्याने २०१४ मध्ये त्याला संकटग्रस्त प्रजातींच्या श्रेणीत परत टाकावे लागले. अधिवासच आक्रसला असेल, तर पिले सोडायची कोठे हा प्रश्न शिल्लक राहतो.

आग्नेय किनाऱ्यासमोरील ईल-ओ-एग्रेत हे २६ हेक्टरांचे चिमुकले बेट या प्रश्नाचे एक उत्तर आहे. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने तेथील उंदीर नष्ट केले, बाहेरची झाडे उपटली आणि मूळ वनस्पती लावल्या. नामशेष झालेल्या स्थानिक कासवांची जागा अल्डाब्रा बेटावरच्या महाकाय कासवांना देण्यात आली. ती फळे खातात आणि बिया पसरवतात. वाटाड्याबरोबर दीड-दोन तास फिरून माणूस येण्यापूर्वीचे मॉरिशस कसे असेल, याची कल्पना पर्यटकाला येऊ शकते.

वाळू कोठून येते

बेटाभोवती सुमारे १५० किलोमीटर लांबीची प्रवाळभिंत आहे. लाटा या भिंतीवर फुटतात आणि आतले पाणी शांत राहते. किनाऱ्यावरची पांढरी वाळूदेखील मुख्यतः प्रवाळ आणि शंख-शिंपल्यांचा भुगा आहे. बेसॉल्टचे बेट पांढरे दिसते ते यामुळे. प्रवाळ मेला तर नवी वाळू तयार होणे थांबते आणि जुनी वाळू लाटांबरोबर वाहून जाते. पर्यटन व्यवसाय ज्या किनाऱ्यावर उभा आहे, त्याचे भवितव्य अशा रीतीने पाण्याखालच्या जीवावर अवलंबून आहे.

सागराचे वाढते तापमान, मळ्यांतून आणि हॉटेलांतून वाहून येणारे सांडपाणी, होड्यांचे नांगर यांनी प्रवाळाचे मोठे नुकसान केले आहे. बांधकामासाठी उथळ समुद्रातून वाळू उपसण्याची प्रथा होती; तिच्यावर २००१ मध्ये बंदी आली. अनेक पुळणींवर दगडी बांध घातले गेले, परंतु बांधाच्या पलीकडची वाळू खचू लागल्याचे अनुभव आहेत. सुरूची झाडे लावून किनारा धरून ठेवण्याच्या जुन्या उपायालाही मर्यादा आहेत, कारण त्यांची मुळे उथळ असतात आणि वादळात ती उन्मळतात.

२५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर रुतले. ६ ऑगस्टला त्यातून तेलगळती सुरू झाली आणि सुमारे १,००० टन तेल ब्लू बे आणि ईल-ओ-एग्रेतच्या परिसरातील पाण्यात पसरले. सरकारी यंत्रणेची वाट न पाहता हजारो नागरिक किनाऱ्यावर धावले. उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून त्यांनी तरंगते अडथळे शिवले. भारतानेही ३० टनांहून अधिक उपकरणे आणि तटरक्षक दलाचे दहा तज्ज्ञ हवाई दलाच्या विमानाने पाठवले. ज्या उसासाठी पूर्वजांना या बेटावर आणले गेले, त्याच उसाच्या पाचटाने वंशजांनी समुद्र वाचवण्याची धडपड केली.

वादळांचा धोका जुनाच आहे. फेब्रुवारी १९६० मधील ‘कॅरोल’ चक्रीवादळाने बेटावरील असंख्य लाकडी घरे उद्ध्वस्त केली. त्यानंतर काँक्रीटच्या घरांचा प्रसार झाला. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळात पोर्ट लुईसच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये दाटलेल्या राजधानीला पाण्याचा निचरा कसा करायचा, ही चिंता आता नगररचनेच्या केंद्रस्थानी आली आहे.

अर्थव्यवस्था आणि प्रवास

दीर्घकाळ साखर हाच देशाचा आधार होता. युरोपीय बाजारपेठेतील हमीभावाची व्यवस्था २००९ मध्ये संपली आणि उसाचे क्षेत्र घटत गेले. १९७० च्या दशकापासून वस्त्रोद्योग, नंतर पर्यटन आणि वित्तसेवा यांनी ती जागा भरून काढली. साखर कारखान्यांत चिपाडापासून वीज तयार होते. महामारीपूर्वीच्या २०१९ या वर्षात सुमारे १३.८ लाख पर्यटक आले. म्हणजे देशाच्या लोकसंख्येहून अधिक पाहुणे एका वर्षात येऊन गेले. गोड्या पाण्याचा, कचऱ्याचा आणि किनाऱ्यावरील जागेचा ताण या आकड्यावरून लक्षात येतो. सार्वजनिक किनारे आणि हॉटेलांच्या ताब्यातील किनारे यांच्या सीमेवरून तेथे वाद होत असतात.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथील ऋतू उलटे आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल उष्ण आणि पावसाळी असून चक्रीवादळांची शक्यता याच काळात असते. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि सौम्य राहते. पठारावर पाऊस पडत असताना किनाऱ्यावर ऊन असणे नेहमीचे आहे. तेथील घड्याळ भारतीय वेळेच्या दीड तास मागे चालते. भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी आगमनानंतर विनाशुल्क प्रवेश मिळतो. मुंबईहून थेट विमानसेवा आहे. चलन मॉरिशियन रुपया असून फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआयद्वारे रक्कम देण्याची सोयही सुरू झाली आहे. पोर्ट लुईस ते क्युरपिप हा मेट्रो मार्ग भारताच्या अर्थसाह्याने उभा राहिला आहे.

प्रवासाचा आराखडा आखताना पुळणींबरोबर एक दिवस आप्रवासी घाट आणि पांप्लमूसच्या बागेसाठी, एक दिवस ब्लॅक रिव्हर गॉर्जेस आणि शामारेलसाठी आणि अर्धा दिवस ईल-ओ-एग्रेतसाठी राखून ठेवावा. समुद्रात उतरताना प्रवाळावर पाय देऊ नये, शंख-शिंपले वा प्रवाळाचे तुकडे सोबत आणू नयेत आणि डॉल्फिनच्या मागे वेगाने होडी पिटाळणाऱ्या सहली टाळाव्यात. या बेटाने डोडो गमावला तो शंभर वर्षांच्या आत आणि ससाणा वाचवण्यासाठी त्याला पन्नास वर्षे खर्ची घालावी लागली. दोन्ही गोष्टी माणसाच्याच हातून घडल्या. आता किनाऱ्यावरील प्रवाळाच्या वाट्याला यांपैकी कोणती कथा येणार, हे ठरवण्यात तेथे राहणाऱ्यांइतकाच तेथे जाणाऱ्यांचाही वाटा असेल.